रेकॉर्डवरचा खोकला

मी शिकलो तो वामन तायडे यांच्यामुळे, हे सुरुवातीलाच सांगून टाकतो. ते माझे वडील. परतवाड्याला आरागिरणीत लाकूड कापायचे. दहावीला दोनदा बसले आणि दोन्ही वेळा गणितात राहिले. आईने नर्सिंगचा डिप्लोमा केला होता. तिला अमेरिकेत व्हर्जिनियातल्या डोंगरांमधल्या एका लहानशा गावात, म्हाताऱ्या माणसांच्या नर्सिंग होममध्ये नोकरी मिळाली आणि तिच्यामागोमाग आम्ही चौघं आलो: बाबा, प्रज्ञाताई, मी आणि धाकटा मिलिंद. मी नुकताच सहावी पास झालो होतो. बाबांना तिथे फर्निचरच्या कारखान्यात काम मिळालं, म्हणजे पुन्हा करवत आणि पुन्हा भुसा. ते म्हणायचे, एवढं विमानात बसून आलो आणि उतरलो तर समोर आरागिरणीच.

पहिली दोन वर्षं शाळेत माझं तोंड उघडत नव्हतं. बाबा कामावरून येत, अंघोळ करत, स्वयंपाकघरातल्या टेबलाशी माझ्यासमोर बसत आणि म्हणत, "वाच." मी इतिहासाचं, जीवशास्त्राचं पुस्तक मोठ्याने इंग्रजीत वाचायचो. त्यांना त्यातलं एक अक्षरही कळत नसे. एकदा मी चिडून विचारलं, समजत नाही तर ऐकता कशाला? ते म्हणाले, "मले नाही समजत. पण तू कुठं अडकला ते समजते." आणि खरंच, मी एखादा अवघड शब्द गिळला किंवा ओळ टाळून पुढे गेलो, की त्यांचं बोट टेबलावर एकदा वाजायचं. मग मागे जावं लागे. शाळा संपली, कॉलेज लागलं, तरी ते टेबल आणि ते बोट सुटलं नाही. आमच्या घराण्यात पदवी घेणारा मी पहिला. आज मी गावातल्या कम्युनिटी कॉलेजात शिकवतो. वर्गात कुणी वाचताना अडखळलं की माझंही बोट आपोआप टेबलावर जातं. मुलांना वाटतं, सरांना घाई झालीय.

आमचं घर ओढ्याकाठच्या रस्त्यावर होतं, लाकडाचं, पुढे व्हरांडा असलेलं. तिथल्या दुकानात ज्वारी मिळत नसे, पण मक्याचं पीठ पोत्यांनी मिळे. आई मक्याच्या भाकरी थापायची, तपकिरी पिंटो बीन्सची उसळ करायची आणि बागेतल्या मिरच्यांचा ठेचा. शेजारी एक निवृत्त खाणकामगार आजोबा एकटे राहत. आम्ही आल्यावर पहिल्याच आठवड्यात बाबांनी त्यांना व्हरांड्यात उंच काचेच्या ग्लासात मक्याची रोटी कुस्करून वर ताक ओतताना पाहिलं आणि हातातलं काम टाकून धावत घरात आले. "अरे, हा माणूस ताक-भाकर खाऊन राह्यला!" त्या दिवसापासून दोघांची मैत्री झाली. एकाला इंग्रजी येत नव्हतं आणि दुसऱ्याला मराठी, पण दोघं संध्याकाळी ग्लास घेऊन शेजारी शेजारी बसत आणि काहीच न बोलता गप्पा मारत.

या आजोबांनीच आम्हाला संगीताची गोडी लावली. त्यांच्याकडे भिंतीवर टांगलेलं एक फिडल, म्हणजे व्हायोलिनच, होतं, ते ताईच्या हातात दिलं. मिलिंद सात वर्षांचा असताना त्यांच्या मांडीवर बसून बँजोच्या तारा ओढायचा. मी उंच वाढलो म्हणून मला माणसाएवढा उभा बेस, खर्जातलं तंतुवाद्य, मिळाला, गुणांमुळे नाही. त्या डोंगरांतल्या संगीताला ब्लूग्रास म्हणतात. त्यात ढोल नसतो, ताशा नसतो, सगळा ठेका बेसने धरायचा आणि बाकीच्यांनी त्यावर धावायचं. पुढे आम्ही तिघं अग्निशमन केंद्राच्या हॉलमध्ये, चर्चच्या जेवणावळीत, गावच्या जत्रेत वाजवू लागलो. रस्त्याचंच नाव बँडला दिलं: लोअर क्रीक. तीन भावंडांचा बँड ही तिथे काही नवलाची गोष्ट नव्हती. आमचे चेहरे नवलाचे होते, पण पहिलं गाणं संपेपर्यंतच.

आजोबांनी शिकवलेली एक पद्धत आम्ही कधी सोडली नाही. सगळ्यांना मिळून एकच मायक्रोफोन. तो मधोमध उभा असतो. ज्याची पाळी त्याने पुढे यायचं, त्याची झाली की खांदा तिरका करून मागे सरायचं, आणि तिघांनी मिळून गायचं तेव्हा डोकी एकमेकांना टेकतील इतकं जवळ उभं राहायचं. आवाज कमी-जास्त करणारं यंत्र नाही, माणसानेच पुढे-मागे व्हायचं. याचा दुसरा अर्थ असा की तिघांचे आवाज एकात एक मिसळलेले असतात. नंतर कुणा एकाचा काढून टाकता येत नाही.

आम्ही सराव करू लागलो की बाबा उठत, दारामागे टांगलेली किल्ली घेत आणि म्हणत, "चालू द्या तुमचं, मी गाडीत बसतो." गाडी म्हणजे आमची जुनी पांढरी व्हॅन. कार्यक्रमांना तेच ती चालवत. काचा वर करून ते तासन् तास त्यात बसून राहत. आम्हाला ही सवय गमतीची वाटायची. मिलिंद मराठी समजायचा पण बोलायचा इंग्रजीत. तो म्हणायचा, "बाबा, जस्ट से इट. यू हेट द बँजो." बाबा म्हणत, "बँजोचं काही नाही रे बापा, वाजवणाऱ्याचं आहे." आणि हसत हसत दार ओढून घेत.

मी कॉलेजच्या शेवटून दुसऱ्या वर्षाला होतो त्या हिवाळ्यात आम्ही आमची पहिली मोठी रेकॉर्ड करायला घेतली. दहा गाणी, त्यातली सहा ताईने लिहिलेली. स्टुडिओ परवडणारा नव्हता, म्हणून आमचीच बैठकीची खोली. जमिनीवर गोधड्या पसरल्या, खिडक्यांना ब्लँकेटं लावली, मधोमध मायक्रोफोन उभा केला. लॅपटॉप माझ्याकडे. आई रात्रपाळी करून सकाळी यायची आणि आतल्या खोलीत झोपायची. तिला कसल्याच आवाजाने जाग येत नसे. तिसऱ्या दिवशी बाहेर इतका बर्फ गोठला की व्हॅनचं दार उघडेना. बाबा किल्ली हातात घेऊन दारात घुटमळले. ताई म्हणाली, "बाबा, वेडेपणा करू नका. आत बसा, फक्त हलू नका." ते स्वयंपाकघराच्या दाराशी स्टुलावर बसले, हात मांडीवर, शाळेतल्या मुलासारखे. पाच गाणी ते तसेच बसून होते.

शेवटचं गाणं संथ होतं, घरी परतण्याच्या रस्त्याबद्दलचं. शेवटच्या कडव्याआधी सगळं थांबतं. कुणी वाजवत नाही, तिघं एकदम श्वास घेतो आणि मग ताई एकटी सुरू करते. त्या थांबण्यात, श्वासाच्या किंचित आधी, मागून खोकला आला. एकच, लहानसा, अर्ध्यात गिळलेला. आम्ही तसंच पुढे गेलो. गाणं संपल्यावर बाबा उठून उभे राहिले होते, चेहरा पडलेला. "माह्यामुळं बिघडलं काय?" आम्ही हसलो आणि पुन्हा घेतलं. चार वेळा घेतलं. पण ताईचा आवाज त्या पहिल्या वेळी जसा लागला तसा पुन्हा लागला नाही.

मग आम्ही ते खोकल्याचं गाणं पुन्हा पुन्हा ऐकलं. हे मला लिहायलाच हवं. माझ्या वहीत अजून नोंद आहे: दोन मिनिटं चौदा सेकंद, बाबा. हेडफोन लावून मी तो खोकला निदान चाळीस वेळा ऐकला असेल. तो किती मोठा आहे, ठेक्यावर पडतो की ठेक्याबाहेर, याची चर्चा केली. मिलिंदने बँजोवर बोट ठेवून त्याचा सूर शोधला. "इट्स ऑल्मोस्ट इन की, यार." आईलाही ऐकवलं. नर्सिंग होमच्या लांब व्हरांड्यात कुठल्या खोलीतून कुठला पेशंट खोकतोय हे ती बसल्या जागी ओळखायची. ती म्हणाली, "पाणी तरी प्यायचं होतं हो." आम्ही सगळे कानाने जगणारे. आम्हाला त्यात फक्त रेकॉर्डमधला दोष ऐकू आला.

रेकॉर्ड रेडिओ स्टेशनांपर्यंत पोचवायला आम्ही केली नावाची एक बाई नेमली होती. ती टेनेसीत राहायची, फोनवर फार वेगाने बोलायची आणि मनाने चांगली होती. तिने विचारलं, या रेकॉर्डची गोष्ट काय? संगीत तर सगळ्यांचंच चांगलं असतं. मी सहज त्या खोकल्याचं सांगितलं. बर्फ, स्टूल, चार वेळा पुन्हा घेणं, सगळं. ती म्हणाली, "हनी, दॅट्स युअर स्टोरी. डोन्ट यू डेअर फिक्स इट." तेच गाणं आधी प्रसिद्ध करायचं ठरलं. तिने लिहिलेल्या पत्रकात होतं की शेवटच्या कडव्याआधी कान देऊन ऐका, तो आमच्या वडिलांचा खोकला आहे. मी ते पत्रक बाबांना मराठीत वाचून दाखवलं. ते आधी ओशाळले. मग म्हणाले, "म्हणजे मी बी बँडमध्ये आहो म्हणा की." दुसऱ्या दिवशी कारखान्यात त्यांनी चार जणांना सांगितलं.

मे महिन्यात माझी परीक्षा संपली आणि आम्ही तीन आठवड्यांसाठी व्हॅन घेऊन निघालो. केंटकी, टेनेसी, खाली कॅरोलायना. सकाळी एखाद्या गावच्या रेडिओवर दोन गाणी आणि गप्पा, संध्याकाळी कार्यक्रम, मधल्या वेळात फोनवर आपलेच छोटे छोटे व्हिडिओ काढून टाकणं. बाबांना सुट्टी मिळाली नाही, त्यामुळे पहिल्यांदाच गाडी ताई चालवत होती. प्रत्येक रेडिओवाला तेच विचारायचा आणि मी तेच सांगायचो. कुठे हसू येतं, कुठे थांबायचं, हे मला पाठ झालं होतं. चौथ्या की पाचव्या कार्यक्रमात ते पहिल्यांदा घडलं. त्या गाण्यात आम्ही थांबलो, श्वास घेतला, आणि अंधाऱ्या हॉलमधून कुणीतरी मुद्दाम खोकलं. सगळे हसले, आम्हीही हसलो. दुसऱ्या गावी पंधरा-वीस जण एकदम खोकले. लोक प्रेमाने करत होते. फोनवर बाबांना सांगितलं तर ते इतके हसले की त्यांना बोलता येईना. ते हसणं कसं संपलं तेही मी ऐकलं होतं, आणि तेही मला हसणंच वाटलं.

दुसऱ्या आठवड्यात एका पेट्रोल पंपावर मिलिंद गाडी झाडत होता. ड्रायव्हरच्या सीटखाली त्याला कॉफीचा मोठा डबा सापडला. तो घेऊन तो आमच्याकडे आला. डब्यात खोकल्याच्या गोळ्यांचे कागद होते, प्रत्येक कागद चार घड्या घालून चपटा केलेला, बाबांना कुठलाही कागद तसाच टाकवत नसे. डबा काठोकाठ भरला होता. तळाशी कागदी रुमाल होते, तेही घडी घातलेले, आणि त्यांवर तपकिरी डाग होते. मिलिंद म्हणाला, "ही वॉज गोइंग आउट टु कॉफ." मग तो मराठीत म्हणाला, जे तो कधी म्हणत नसे, "आपल्या प्रॅक्टिससाठी, दादा."

ताईने तिथूनच आईला फोन लावला. गाडी नाही तर बाबा आता खोकायला कुठे जातात, असं ताईने विचारलं तेव्हा ती म्हणाली, "शेजारच्या आजोबांच्या व्हरांड्यात बसतात. मी म्हटलं, पोरं नाहीत, करमत नसेल." चार दिवसांत एक्स-रे झाला, मग मोठ्या हॉस्पिटलात दुसरी तपासणी. उजव्या फुप्फुसात काहीतरी होतं. काय ते पुढच्या आठवड्यात कळणार होतं. आम्ही निघतो म्हणालो. बाबांनी आईच्या हातून फोन घेतला आणि म्हणाले, "काहून? तुम्ही येऊन काय एक्स-रे धुता का? लोकायनं तिकीट काढले असन. आणि कोणाले सांगत बसू नका." त्यांच्या आवाजात राग नव्हता. तो टेबलावरच्या बोटाचा आवाज होता.

चार कार्यक्रम उरले होते. ताई केलीला म्हणाली, तो खोकला काढून टाक. का, ते तिला सांगता येत नव्हतं. केली गोंधळली, पण म्हणाली, नवीन फाइल दे, इंटरनेटवर बदलू, मात्र स्टेशनांकडे गेलेल्या प्रती परत मागवता येणार नाहीत. मी मॉटेलच्या नाश्त्याच्या खोलीत लॅपटॉप उघडून बसलो. शेजारी कुणाची तरी मुलं वॉफल भाजत होती. खोकला कापला की ताईचा श्वास जायचा, श्वास ठेवला की खोकल्याची शेपटी राहायची. एकच मायक्रोफोन. दोन तास मी ते थोडं इकडून, थोडं तिकडून कापून पाहिलं. ताई मागे येऊन उभी राहिली. मी हेडफोन काढून तिला दिले. तिने ऐकलं आणि लॅपटॉपचं झाकण हळूच खाली केलं.

गाणं गाळावं असंही ठरवलं होतं, पण कॅरोलायनातल्या त्या हॉलमध्ये लोक तेच मागत राहिले. खुर्च्या भरून माणसं भिंतींना टेकून उभी होती. ताईने आमच्याकडे पाहिलं आणि सुरू केलं. शेवटच्या कडव्याआधी तिने थांबायचंच टाळलं. श्वासही न घेता ती सरळ पुढे गेली, म्हणजे जागाच राहायला नको. पण लोकांना जागा माहीत होती. सगळा हॉल तिच्या आवाजावर खोकला. पहिल्या रांगेत एक आजीबाई होत्या, त्यांनी तोंडापुढे रुमाल धरून नाजूक खोकून दाखवलं आणि माझ्याकडे बघून डोळा मारला. मिलिंद मागे सरला. आमच्या पद्धतीत मागे सरलेला माणूस ऐकूच येत नाही. त्याचा बँजो नाहीसा झाला आणि तो पाठ करून उभा राहिला. मलाही जायचं होतं. पण बेस माझ्या हातात होता, आणि बेस थांबला की उभं राहिलेलं सगळं खाली येतं. मी ठेका धरून राहिलो आणि हसलो, कारण त्या बाई अजून माझ्याकडेच बघत होत्या. त्यांची काहीच चूक नव्हती. ती गोष्ट त्यांना मीच सांगितली होती.

बाबा त्यानंतर दोन हिवाळे आमच्यात होते. पुढच्या वर्षी माझ्या पदवीच्या समारंभाला ते व्हीलचेअरवर आले आणि माझं नाव पुकारणारा माणूस तायडेला अडखळला तेव्हा खुर्चीच्या हातावर त्यांचं बोट वाजलं, असं आई सांगते. ते गाणं अजून कुठे कुठे वाजतं. माझी मुलगी ते फोनवर ऐकते आणि त्या जागी आली की आवाज वाढवते.

त्या कार्यक्रमानंतर दुसऱ्या दिवशी सकाळी मी बाबांना एक पत्र लिहून पोस्टात टाकलं. आईच्या म्हणण्याप्रमाणे त्यांनी ते एकट्याने वाचलं, मग आजोबांच्या व्हरांड्यात जाऊन त्यांना मराठीतच वाचून दाखवलं. ते माझ्याकडे परत आलं आहे, तसंच खाली देतो.

प्रिय बाबा,

सविनय जय भीम.

आम्ही तिघं बरे आहोत. ताई गाडी चांगली चालवते, पण तुमच्यासारखी मागे बघून शिव्या देत नाही, त्यामुळे करमत नाही. काल हॉल पूर्ण भरला होता.

तुम्ही फोनवर विचारलं, लोक अजून त्या जागी हसतात का. मी हो म्हणालो. ते खरं आहे. आम्हाला आता हसता येत नाही, हे सांगितलं नाही. सीटखालचा डबा आम्हाला सापडला. मिलिंदने तो फेकू दिला नाही, मांडीवर घेऊन बसतो.

तो खोकला काढून टाकायला मी काल बसलो होतो. नाही निघत. ताईच्या श्वासाला चिकटलेला आहे. मग आम्ही ठरवलं, राहू दे.

बाबा, मी शब्द गिळला तर तुम्हाला समजायचं, भाषा येत नसूनसुद्धा. तुमचा खोकला मी चाळीसदा ऐकला आणि त्याची वेळ लिहून ठेवली. याहून जास्त मला लिहिता येत नाही.

आम्ही सोमवारी पोचतो. डॉक्टर मंगळवारी काय सांगतील ते सांगोत. एकच मागणं आहे. यापुढे आम्ही वाजवत असताना किल्ली घेऊन उठू नका. स्टूल दाराशी नको, मधे घेऊ. खोकला आला तर खोका, पूर्ण खोका, अर्ध्यात गिळू नका. आम्ही थांबू. तुमचा झाला की मग पुढचं कडवं.

तुमचा
आनंद